गिअरलेस स्कूटरचा बेल्ट: काम कसे चालते, देखभाल कशी करावी

गिअरलेस स्कूटर आता फक्त शहरातली गाडी राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात फुलंब्री, खुलताबाद, कन्नड, सिल्लोड, पैठण अशा कोणत्याही तालुक्यात सकाळी रस्त्यावर उभे राहा. दुधाच्या कॅन, ढेपेचे पोते, भाजीचे कॅरेट, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळीचे बंडल हे सगळे स्कूटरवरून जाताना दिसेल. पाय ठेवायची सपाट जागा सामान ठेवायला सोयीची असते. गिअर टाकावे लागत नाहीत, त्यामुळे घरातले कोणीही ही गाडी चालवू शकते.

मात्र ही गाडी मुळात एक-दोन माणसांना डांबरी रस्त्यावरून नेण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यावर वजन लादून, धुळीच्या शिवाररस्त्याने आणि घाटातून काम घेतले की सगळा ताण एका रबरी बेल्टवर येतो. तो तुटला की इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही. डेअरीची वेळ चुकते, दूध नासते, बाजाराचा भाव हातचा जातो. हा बेल्ट बहुतेक वेळा अचानक तुटत नाही. तुटण्याआधी बरेच दिवस तो खुणा देत असतो. त्या ओळखता याव्यात आणि गॅरेजमध्ये काय करून घ्यायचे हे कळावे, यासाठी ही माहिती.

ही रचना आली कुठून?

दोन पुलींमधला बेल्ट वर-खाली सरकवून वेग बदलण्याची ही पद्धत नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने 1958 साली आपल्या छोट्या मोटारीत आणली. तिचे नाव व्हेरिओमॅटिक. आपल्याकडे ती घराघरांत पोचली ती स्कूटरमुळे. पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांची भागीदारी 1984 साली झाली आणि कायनेटिक होंडा रस्त्यावर आली. त्याआधीच्या स्कूटरला डाव्या मुठीत गिअर असत. आज बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलवरच्या जवळपास सगळ्या स्कूटर याच बेल्टच्या पद्धतीवर चालतात.

मोटारसायकलमध्ये चार-पाच गिअर आणि चेन असते. बजाजचा वाळूज येथील कारखाना 1985 साली सुरू झाला. तिथे तयार होणाऱ्या मोटारसायकली आणि तीनचाकी गाड्या आपल्या ओळखीच्या आहेत, त्यामुळे गावातल्या मेकॅनिकचा हात गिअर आणि चेनवर चांगला बसलेला असतो. बेल्टचा भाग मात्र डाव्या बाजूच्या बंद कव्हरखाली असतो. तो दिसत नाही, म्हणून विसरला जातो.

एक फरक लक्षात घ्या. वजनासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या मोपेडला एकच गिअर असतो आणि चाकाला चेन असते. तिच्यात ही सरकत्या पुलीची रचना नसते. काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये बेल्ट असतो, पण तो दातेरी असतो आणि त्याने वेगाचे प्रमाण बदलत नाही. या लेखातली माहिती पेट्रोलवरच्या गिअरलेस स्कूटरसाठी आहे.

कव्हरखाली काय काय असते?

इंजिनकडून मागच्या चाकाकडे जाताना हे भाग क्रमाने लागतात:

- पुढची पुली (व्हेरिएटर): ही इंजिनच्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर बसते. तिच्या दोन थाळ्या असतात. एक जागेवर पक्की, दुसरी सरकणारी. सरकणाऱ्या थाळीच्या पाठीमागे उताराच्या खाचा असतात आणि त्यात साधारण सहा रोलर बसवलेले असतात. बऱ्याच गाड्यांत पक्क्या थाळीवर पंख्याची पाती असतात, ती आतली हवा खेळती ठेवतात.
- बेल्ट: आडवा कापला तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला व्ही-बेल्ट म्हणतात. रबराच्या आत मजबूत धाग्यांच्या दोऱ्या असतात. आतल्या बाजूचे दाते कशात अडकण्यासाठी नसतात. बेल्ट लहान गोलाईवर सहज वाकावा म्हणून ते केलेले असतात. पकड असते ती फक्त दोन्ही बाजूंच्या तिरक्या कडांची.
- मागची पुली: हिच्याही दोन थाळ्या असतात. मागे जाड स्प्रिंग असते, ती थाळ्यांना कायम जवळ दाबून धरते. आत तिरप्या खाचा आणि पिना असतात. त्यांचे काम पुढे पाहू.
- क्लच: मागच्या पुलीला जोडलेले, साधारण तीन क्लच शू. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला घट्ट धरतात.
- शेवटचे गिअर: मागच्या चाकाजवळ बंद डब्यात, तेलात चालणारे. हे प्रमाण ठरलेले असते, बदलत नाही.

वेग आपोआप कसा बदलतो?

विहिरीवरचा रहाट किंवा सायकलची चेन डोळ्यांसमोर आणा. पुढचे चाक लहान आणि मागचे मोठे असेल तर जोर जास्त मिळतो, वेग कमी. पुढचे मोठे आणि मागचे लहान असेल तर वेग जास्त, जोर कमी. स्कूटरमध्ये पुली बदलत नाही. पुलीच्या थाळ्या जवळ-दूर होतात आणि बेल्ट कमी-जास्त गोलाईवर फिरतो.

1. गाडी उभी असताना: इंजिन हळू फिरते. पुढच्या थाळ्या एकमेकींपासून दूर असतात, त्यामुळे बेल्ट पुढे खोल, म्हणजे लहान गोलाईवर असतो. मागे स्प्रिंगच्या दाबाने तो कडेला, मोठ्या गोलाईवर असतो. क्लच शू आत असतात, म्हणून चाक फिरत नाही.

2. मूठ पिळली की: इंजिनचा वेग वाढतो, मागची पुली जोरात फिरते, क्लच शू ड्रमला धरतात आणि गाडी निघते. उदाहरणापुरते धरा की पुढे बेल्टची गोलाई 20 मिलिमीटर आणि मागे 50 मिलिमीटर आहे. म्हणजे इंजिनचे अडीच फेरे झाले की मागच्या पुलीचा एक फेरा होतो. हा आपला 'पहिला गिअर'.

3. वेग वाढत गेला की: रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, उतारावर चढतात आणि सरकणारी थाळी ढकलतात. पुढे बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तीच असल्यामुळे मागे तो स्प्रिंगला दाबत खाली उतरतो. आता पुढची गोलाई मागच्यापेक्षा मोठी झाली की इंजिनच्या एका फेऱ्यात मागची पुली एकाहून जास्त फेरे घेते. हा 'वरचा गिअर'. त्यानंतर शेवटचे गिअर हा वेग आणखी आठ-दहा पटीने कमी करून चाकाला देतात.

4. चढ किंवा वजन आले की: चाकावर अडथळा वाढतो. मागच्या पुलीतल्या तिरप्या खाचा आणि पिना थाळ्यांना पुन्हा जवळ ओढतात. बेल्ट मागे वर चढतो आणि पुढे खाली उतरतो. म्हणजे गाडी स्वतःच गिअर उतरवते. खाचांमध्ये कचरा साचला किंवा पिना झिजल्या की हे काम नीट होत नाही, आणि गाडी चढावर दम टाकते.

शेतातल्या यंत्रांतही बेल्ट असतात. मळणी यंत्राच्या पुलीची मापे ठरलेली असतात, त्यामुळे वेगाचे प्रमाण बदलत नाही. अनेक कंबाईन हार्वेस्टरमध्ये मात्र अशीच सरकत्या थाळीची पुली असते, फक्त ती रोलरऐवजी चालकाच्या लिव्हरने सरकते. घसरणारा बेल्ट तापतो आणि तापलेला बेल्ट लवकर मरतो, हा नियम तिन्हीकडे सारखाच.

बेल्ट लवकर का जातो?

बेल्ट घासत नाही, पकडतो. पकड सुटून तो घासू लागला की उष्णता तयार होते. रबर कडक होते, कडा चकचकीत होतात, मग पकड आणखी कमी होते. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नाही. त्याला सुरुवात करून देणाऱ्या गोष्टी अशा:

वजन: साधी आकडेमोड करा. स्कूटरचे वजन सुमारे 107 किलो आणि चालवणारा 65 किलोचा, म्हणजे 172 किलो. त्यावर 80 किलो दूध किंवा खत ठेवले की 252 किलो होतात. चढ चढताना लागणारी ओढ जवळपास दीडपट होते. चौका घाट, दौलताबाद ते खुलताबादचा चढ किंवा कन्नडचा औट्रम घाट अशा ठिकाणी हा ताण कितीतरी मिनिटे सलग असतो. गाडीच्या पुस्तिकेत एकूण भाराची मर्यादा दिलेली असते. तिच्यात चालवणाऱ्याचे वजनही धरलेले असते, हे विसरू नका.

उष्णता: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो. कव्हरखाली हवा बाहेरूनच येते. ती आधीच तापलेली असेल तर बेल्टला थंडावा मिळत नाही.

धूळ आणि कापसाचे तंतू: काळ्या मातीच्या वाटेवरची बारीक धूळ हवेच्या मार्गाने आत जाते. काही गाड्यांत या मार्गावर स्पंजचे फिल्टर असते. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यावर तंतू बसतात, हवा अडते आणि आतला भाग तापतो. आत गेलेली धूळ थाळ्यांवर आणि बेल्टच्या कडांवर पॉलिश पेपरसारखी घासते.

पाणी: ओढा ओलांडताना किंवा प्रेशरने गाडी धुताना हवेच्या मार्गातून पाणी आत गेले की बेल्ट घसरतो. इंजिन ओरडते, गाडी पुढे जात नाही.

तेल: क्रँकचे किंवा गिअरच्या डब्याचे ऑइल सील गळू लागले की तेल बेल्टवर येते. तेल लागलेला बेल्ट पुसून पुन्हा भरवशाचा होत नाही. आधी सील बदला, मग बेल्ट बदला. उलट केले तर नवा बेल्टही काही दिवसांत तसाच होतो.

चालवण्याच्या सवयी: चढावर ब्रेक न धरता मूठ पिळून गाडी जागेवर धरून ठेवणे ही सगळ्यात वाईट सवय. त्यात क्लच अर्धवट धरतो आणि जळतो. चिखलात रुतलेली गाडी फक्त मूठ पिळून काढणे हेही तसेच. सामान उतरवा, गाडी ढकला, मग मूठ पिळा.

लक्षणे ओळखा

- इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही: बेल्ट झिजून अरुंद झालेला, तेल किंवा पाणी लागलेले, नाहीतर क्लच शू झिजलेले. वजन लादणे लगेच थांबवा आणि कव्हर उघडून घ्या.
- सुटताना गाडी थरथरते: क्लच शू चकचकीत झालेले किंवा ड्रममध्ये खाचा पडलेल्या. शू आणि ड्रम दोन्ही तपासा.
- हळू चालताना डाव्या बाजूला खडखड: रोलर एका बाजूने चपटे झालेले किंवा सरकत्या थाळीचे प्लास्टिकचे तुकडे झिजलेले. रोलर पूर्ण संचच बदला, एक-दोन नाही.
- सपाट रस्त्यावर आधीइतका वेग येत नाही: बेल्ट अरुंद झाला की तो पुढच्या पुलीवर कडेपर्यंत चढत नाही. त्याची रुंदी मोजा.
- चढावर दम नाही, सपाटीवर ठीक: मागच्या पुलीच्या खाचा, पिना किंवा स्प्रिंग. रोलर अडकलेले असू शकतात.
- जळक्या रबराचा वास: बेल्ट किंवा क्लच घसरतो आहे. गाडी थांबवा, थंड होऊ द्या. वास पुन्हा आला तर वजन घेऊन पुढे जाऊ नका.
- फटफट असा ठोक्याचा आवाज, वेगाबरोबर वाढणारा: बेल्टची दोरी बाहेर आली आहे किंवा दात्याचा तुकडा उडाला आहे. हा शेवटचा इशारा समजा.
- मूठ सोडली तरी उभी गाडी पुढे सरकते: क्लच शूची छोटी स्प्रिंग सैल झालेली किंवा इंजिनचा आयडल वेग जास्त. गर्दीत धोक्याचे, लगेच दुरुस्त करा.

किलोमीटर नाही, काम मोजा

110 ते 125 सीसीच्या बऱ्याच स्कूटरमध्ये बेल्ट साधारण 20,000 ते 25,000 किलोमीटरला बदलण्याचा सल्ला असतो आणि त्याआधी ठरावीक अंतराने तपासणी सांगितलेली असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहा. तो आकडा साध्या वापरासाठी असतो. रोज वजन, घाट आणि धूळ असेल तर तपासणीचे अंतर निम्म्यावर आणा आणि बेल्ट मोजून निर्णय घ्या. एखाद्याची गाडी फक्त शहरात फिरते, त्याचा बेल्ट 22,000 किलोमीटरलाही चांगला असू शकतो. रोज दोन वेळा दूध नेणाऱ्याचा त्याच्या कितीतरी आधी जातो.

आपल्या हंगामाशी जोडून तपासणी ठेवली तर ती विसरली जात नाही:

- पाडव्याच्या सुमारास: उन्हाळ्याआधी कव्हर उघडून धूळ साफ करणे, बेल्टची रुंदी मोजणे.
- मे अखेर, पेरणीआधी: ऑइल सील, कव्हरचे पॅकिंग आणि हवेची नळी तपासणे. पाऊस सुरू झाल्यावर आत पाणी जाणार नाही याची खात्री.
- दिवाळीनंतर: कापूस आणि मक्याची धूळ बसलेले फिल्टर साफ करणे, रोलर पाहणे, गिअर ऑइल तपासणे.

कव्हर उघडल्यावर काय काय करावे?

हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. योग्य पाने आणि पुली धरायचे साधन नसेल तर घरी हात घालू नका. तरीही पुढचा क्रम माहीत असला की काम नीट होते आहे का हे उभे राहून पाहता येते.

1. गाडी थंड होऊ द्या. मधल्या स्टँडवर लावा, चावी काढा.
2. कव्हरची बाहेरची माती आधी ब्रशने काढा. बोल्टची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून बोल्ट त्याच जागी टोचून ठेवले की घोळ होत नाही.
3. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ती क्लचच्या अस्तराची असते आणि फुप्फुसाला वाईट. तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसावी.
4. बेल्ट वाकवून दात्यांच्या मुळाशी चिरा, सुटलेले धागे, चकचकीत कडा आणि तेलाचे डाग पाहावेत. रुंदी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजावी. बऱ्याच गाड्यांत नव्या बेल्टपेक्षा साधारण एक मिलिमीटरने कमी झाला की तो बदलायचा असतो. नेमकी मर्यादा सर्व्हिस पुस्तिकेत असते. चिरा दिसल्या तर रुंदी कितीही असो, बदला.
5. पुढचा नट काढताना पुली धरायचे साधनच वापरावे. पंख्याच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवला की पाते तुटते, पुली असमतोल होते आणि हवा कमी मिळते.
6. रोलर बोटात फिरवून पाहावेत. गोल हवेत. चपटी बाजू लागली तर पूर्ण संच बदलावा. बसवताना त्यांची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवावी. बहुतेक गाड्यांत रोलर कोरडेच चालतात. पुस्तिकेत सांगितले नसेल तर ग्रीस लावू नये. ग्रीस वितळून बेल्टवर येते.
7. दोन्ही पुलींच्या थाळ्या स्वच्छ फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने पुसाव्यात. खरखरीत पॉलिश पेपर मारू नये. बोट फिरवून पायरी लागते का पाहावे. पायरी पडलेली थाळी नवा बेल्टही खाते.
8. मागचा क्लच पुलीपासून वेगळा करताना जाड स्प्रिंग दाबलेली असते. नट सुटताच ती उसळून चेहऱ्याला लागू शकते. यासाठी दाबून धरायचे साधन लागते. घरी हा नट कधीही सोडू नका.

बेल्ट बसवतानाची महत्त्वाची पायरी

नवा बेल्ट टाकताना मागच्या पुलीच्या थाळ्या हाताने फाकवून बेल्ट खोल बसवायचा असतो. असे केले की पुढे बेल्ट सैल राहतो आणि पुढची थाळी पूर्ण आत बसते. ही पायरी गाळली तर पुढे बेल्ट दोन थाळ्यांत चिमटला जातो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो थाळीवर नाही, बेल्टवर आवळलेला असतो. गाडी थोडी चालली की बेल्ट जागा घेतो, नट सैल पडतो, आणि क्रँकच्या दांड्यावरचे आटे किंवा खाचा खराब होतात. बेल्टच्या किमतीचे काम मग इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

म्हणून मेकॅनिकला दोन गोष्टी सांगा. नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याला घट्ट करा, फक्त इम्पॅक्ट गनच्या भरवशावर नको. आणि नट आवळल्यावर पुली हाताने फिरवून दाखवा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने हवा.

गिअरच्या डब्यातले तेलही याच वेळी पाहून घ्या. ते इंजिन ऑइलपेक्षा वेगळ्या जागी असते आणि पाव लिटरहूनही कमी लागते, म्हणून वर्षानुवर्षे कोणी पाहतच नाही. दुधाळ रंगाचे तेल निघाले तर आत पाणी गेले आहे.

नवा बेल्ट टाकल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जड वजन आणि पूर्ण मूठ टाळा. कडा थाळ्यांवर नीट बसल्या की पकड चांगली येते.

बेल्ट विकत घेताना

- गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगा. एकाच नावाच्या गाडीतही वर्ष बदलले की पार्ट नंबर बदलू शकतो. शक्य असेल तर जुना बेल्ट सोबत न्या.
- 'बसतो' एवढ्यावर घेऊ नका. लांबी, रुंदी आणि कडेचा तिरकेपणा तिन्ही जुळायला हवेत.
- पाकीट बंद असावे, बिल घ्या, बदलल्याची तारीख आणि किलोमीटर सीटखाली चिठ्ठीवर लिहून ठेवा.
- बदललेला जुना बेल्ट बरा असेल तर अडचणीसाठी ठेवता येतो. तो घट्ट दुमडू नका आणि पेट्रोल-तेलापासून दूर ठेवा.

रस्त्यात बेल्ट तुटला तर

मूठ पिळल्यावर इंजिन ओरडते आणि गाडी हलत नाही, तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता जास्त. इंजिन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा मूठ पिळली की तुकडे क्लचभोवती गुंडाळले जातात आणि खर्च वाढतो. क्वचित तुकडा अडकून मागचे चाक जाम होते. अशा वेळी पुढचा ब्रेक जोरात न दाबता गाडी हळू कडेला घ्या. स्कूटर दोरीने दुसऱ्या गाडीला बांधून ओढू नका. टेम्पोत घालून न्या. दूध असेल तर कॅन सावलीत ठेवा, ओले गोणपाट गुंडाळा आणि आधी ते दुसऱ्या गाडीने पुढे पाठवा. गाडीची दुरुस्ती नंतर होते.

घाट उतरताना विशेष काळजी

हे देखभालीइतकेच महत्त्वाचे आहे. मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन गाडी धरून ठेवते. स्कूटरमध्ये वेग कमी झाला की क्लच आपोआप सुटतो आणि इंजिनची पकड पूर्ण जाते. मग वजनासह सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि कमी लागतात.

- उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका. पेट्रोल फारसे वाचत नाही, धोका मात्र मोठा.
- सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवा. दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे दाबून सोडत वापरा.
- ब्रेक कमी लागतो असे वाटले तर थांबून दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्या. पाणी ओतू नका.
- पायाजवळच्या कॅनमुळे हँडल पूर्ण वळते का आणि पाय टेकतो का, हे निघण्याआधी पाहा.

शेतकऱ्यांना पडणारे प्रश्न

जास्त वजनासाठी हलके रोलर टाकावेत का? हलके रोलर उशिरा बाहेर जातात, त्यामुळे इंजिन जास्त फिरून चढावर ओढ वाढल्यासारखी वाटते. पण पेट्रोल जास्त लागते, आवाज वाढतो आणि गाडीची भारमर्यादा काही वाढत नाही. कंपनीच्या वजनाचेच रोलर ठेवा.

बेल्टवर पावडर किंवा स्प्रे मारला तर चालतो का? नाही. गिरणीच्या पट्ट्यावर चालणारे उपाय इथे चालत नाहीत. आवाज येतो म्हणजे कारण शोधायचे आहे.

पाण्यातून गेल्यावर गाडी ओढत नाही, काय करावे? गाडी स्टँडवर लावा. कव्हरच्या खालच्या बाजूला निचऱ्याची नळी किंवा बूच असेल तर ते उघडा. थोडा वेळ इंजिन आयडलवर चालू द्या. तरी घसरत असेल तर कव्हर उघडून पुसून घ्या.

रोज 60 किलोपेक्षा जास्त माल न्यायचा असेल तर? हे स्कूटरचे काम नाही. चेनची मोटारसायकल, वजनासाठीची मोपेड किंवा दोघा-तिघांनी मिळून तीनचाकी टेम्पो असा हिशेब करा. जाधववाडीच्या बाजारात माल नेणाऱ्यांना एका फेरीचे भाडे वाटून घेणे अनेकदा बेल्ट, क्लच आणि ब्रेकच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते.

थोडक्यात

बेल्टला वजन, उष्णता, धूळ, पाणी आणि तेल या पाच गोष्टी मारतात. वर्षातून तीन वेळा कव्हर उघडून घ्या. रुंदी मोजूनच बेल्ट ठेवायचा की बदलायचा ते ठरवा. बसवताना मागची पुली फाकवली का, हे विचारा. थरथर, जळका वास किंवा फटफट आवाज आला की वजन उतरवा. दूध वेळेवर डेअरीत पोचायचे असेल तर ही तपासणी सकाळच्या फेरीच्या आधीच्या आठवड्यात व्हायला हवी, घाटात गाडी थांबल्यावर नाही.